तीन मिनिटांची तबकडी

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ देवाघरी गेले. प्रार्थनांचे दिवस आटोपल्यावर त्यांचे दोघे पुत्र एक लाकडी पेटी घेऊन आमच्याकडे आले. "फादर, बाबांच्या तबकड्या आहेत. भंगारवाला काही देत नाही आणि टाकून द्यायला मन घेत नाही," असे थोरला म्हणाला. पेटीत लाखेच्या अठरा तबकड्या निघाल्या. त्यांतील चार तडकलेल्या होत्या, एक दुभंगलेली. बहुतेकांवर बालगंधर्वांचे नाव होते, दोहोंवर मास्टर दीनानाथांचे. तळाशी मात्र एक निराळीच वस्तू होती. सर थॉमस बीचम यांनी लंडनच्या रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाकडून १९५६ साली वाजवून घेतलेल्या, जॉर्ज बिझे या फ्रेंच संगीतकाराच्या 'लार्लेझियेन' नामक नाट्यसंगीताची ती मोठी ध्वनिमुद्रिका होती.

हे गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले. रविवारची मिस्सा झाल्यावर ख्रिस्तमंदिराच्या ओट्यावर बसून 'स्वयंवरा'तील 'नाथ हा माझा' हे यमन रागातील पद ते पुष्कळदा गुणगुणत असत. त्यांचे वडील मुंबईच्या गिरणीत कामाला असताना त्यांनी गंधर्व नाटक मंडळीचे खेळ पाहिले होते. मुलाने पद वडिलांच्या तोंडून घेतले होते, आणि त्यामुळे त्यांचे गुणगुणणे तबकडीपेक्षा बरेच लांब असे. मध्येच एखादी जागा ते तीनदा, चारदा वळवून घेत आणि म्हणत, "हे तबकडीत नाही, फादर. हे आमच्या बाबांनी ऐकलेले." आम्ही हसून मान डोलवीत असू. आता ती पेटी आमच्यापुढे होती आणि गुणगुणणारा नव्हता.

पेटीतील दोन्ही प्रकारच्या तबकड्यांवर नाटकाचेच संगीत होते, आणि दोन्हींत नाटक मात्र नव्हते. नाटकातून उचलून तबकडीवर आणलेल्या संगीताचे काय होते, आणि एकाच रचनेची निरनिराळी ध्वनिमुद्रणे शेजारी शेजारी ठेवून ऐकली तर मूळ प्रयोगाविषयी आपल्याला कितपत कळू शकते, हा प्रश्न त्या पेटीने आमच्यापुढे टाकला. त्याचा थोडा मागोवा येथे घेत आहोत.

प्रथम फ्रेंच नाटकाकडे पाहू. १ ऑक्टोबर १८७२ रोजी पॅरिसच्या व्होदव्हील नाट्यगृहात आल्फाँस दोदे यांचे 'लार्लेझियेन', म्हणजे 'आर्ल गावची मुलगी', हे नाटक रंगभूमीवर आले. दक्षिण फ्रान्समधील एका शेतकरी घराण्यातील तरुण या मुलीवर जीव जडवतो आणि अखेर जीव देतो. ती मुलगी मात्र नाटकभर एकदाही रंगमंचावर येत नाही. या नाटकासाठी बिझेने सत्तावीस लहानमोठे संगीतखंड रचले. नाट्यगृहाच्या ऐपतीप्रमाणे वादक अवघे सव्वीस मिळाले होते. पडद्यामागील वृंदगानाला साथ देण्यासाठी एक हार्मोनियमही होती. हे वाद्य पॅरिसच्याच आलेक्सांद्र दबँ यांनी १८४२ साली आपल्या नावे नोंदवलेले. त्याच कुळातील पायपेटी आणि हातपेटी पुढे आपल्या मंदिरांत आणि नाटक मंडळ्यांत एकाच वेळी नांदल्या, हे वाचकांना ठाऊकच आहे.

या सत्तावीस खंडांतील काही तर मोजक्या ओळींचे होते. पात्रे बोलत असताना ते खालून हळूच वाजत आणि थांबत. नाटक लोकांना रुचले नाही व लवकरच बंद पडले. बिझेने त्यातील चार भाग निवडून मोठ्या वाद्यवृंदासाठी नव्याने लिहिले. १० नोव्हेंबर १८७२ रोजी ते मैफलीत वाजले आणि लोकांनी ते डोक्यावर घेतले. १८७५ मध्ये वयाच्या छत्तिसाव्या वर्षी बिझे वारला. त्यानंतर १८७९ साली त्याचा मित्र एर्नेस्त गिरो याने आणखी चार भागांची दुसरी माला जुळवली. तिच्यातील एक नृत्यखंड तर बिझेच्या दुसऱ्याच एका संगीतिकेतून घेतलेला आहे. म्हणजे आज जग ज्याला 'लार्लेझियेनचे संगीत' म्हणून ओळखते, त्यातील काही निवडलेले, काही फुगवलेले आणि थोडे परक्या घरचे आहे.

एवढ्यावरच हे थांबले नाही. दुसऱ्या मालेतील मध्यंतराच्या सुरावटीवर गिरोनेच मिस्सेतील 'आन्यूस देई', म्हणजे 'हे देवाच्या कोकरा', ही लॅटिन प्रार्थना बसवली. सेमिनरीत असताना हे गीत आम्ही मोठ्या भक्तिभावाने ऐकले होते. ते एका अपयशी नाटकाच्या दोन अंकांमधले संगीत आहे, याची त्या वेळी आम्हांला कल्पनाही नव्हती. पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी काढलेल्या आज्ञापत्रात नाटकी वळणाच्या संगीताला उपासनेतून दूर ठेवण्यास सांगितले होते. त्या आज्ञापत्राचा अभ्यास करणाऱ्या आम्हांस नाटकाचे संगीत नाटकी वाटले नाही, याचे कारण उघड आहे. त्याच्याभोवतीचे नाटक आम्ही पाहिले नव्हते.

आता या संगीताची ध्वनिमुद्रणे. पेटीतील बीचम यांच्या मुद्रिकेत केवळ त्या दोन माला आहेत आणि त्या भरगच्च वाद्यवृंदाने वाजवलेल्या आहेत. पहिल्या मालेतील संथ तंतुवाद्यांचा भाग ऐकताना मन निवते. परंतु नाटकात हा भाग कोठे येतो, हे त्यावरून कळत नाही. तारुण्यात एकमेकांवर प्रेम करून कर्तव्यासाठी दूर झालेली दोन माणसे म्हातारपणी अनेक वर्षांनी भेटतात, त्या भेटीच्या खाली हे सूर वाजतात. १९८० च्या दशकात मिशेल प्लासाँ यांनी तुलूज शहराच्या वाद्यवृंदाकडून, वृंदगानासह, रंगभूमीवरील मूळ खंड मुद्रित केले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मुद्रिकेत मार्क मिंकोव्स्की यांनी जुन्या घडणीची वाद्ये वापरून मैफलीच्या माला आणि रंगभूमीवरील खंड एकत्र आणले. ही तीन ध्वनिमुद्रणे पाठोपाठ ऐकली म्हणजे एकच सुरावट मैफलीत केवढी मोठी होते आणि नाटकात किती लहान, किती जवळची असते, ते समजते. यातील कोणते मूळाला धरून आहे, असा वाद उपस्थित झाला तर बिझेची स्वरलिपी उघडून पाहता येते. तेथे कागद साक्षीदार आहे. एखादी तबकडी फुटली तर एक वादन हरवते, रचना हरवत नाही.

लाखेच्या तबकड्यांची गोष्ट याहून फार वेगळी आहे.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतला'चा प्रयोग झाला आणि मराठी संगीत रंगभूमीला तिचे रूप सापडले. त्या नाटकात दोनशेहून अधिक पदे होती. पुढे १२ मार्च १९११ रोजी खाडिलकरांचे 'मानापमान' आले. त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, उत्तरेकडील ठुमरी-गझलांच्या वळणाच्या. १० डिसेंबर १९१६ रोजी 'स्वयंवर' आले. त्याला भास्करबुवा बखल्यांनी रागदारीतील बंदिशींचा साज चढवला. या चाली कागदावर स्वरलिपीत उतरवून नटाच्या हाती दिलेल्या नव्हत्या. बुवा गाऊन दाखवीत, नट गळ्यात उतरवून घेई आणि रोज रात्री ती चाल नव्याने वाढे. पदाचे शब्द पुस्तकात छापलेले असत. त्याचे गाणे मात्र गळ्यातच राही.

हे गाणे तबकडीवर कसे आले? ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग १९०२ च्या अखेरीस कलकत्त्यात उतरले आणि त्यांनी हिंदुस्थानातील गायकांचे मुद्रण सुरू केले. कलकत्त्यात १९०८ साली कारखाना निघेपर्यंत येथील गाणी जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापली जात. त्यांच्यासाठी लागणारी लाख बहुतांशी आपल्याच देशातील. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवरील किड्यांची ती लाख समुद्रापार जाई आणि आपलेच गाणे अंगावर घेऊन परत येई. गाणे संपताच गायक स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारीत. ती हौस नव्हती. परभाषिक कारागिराला तबकडीवर योग्य नाव छापता यावे, म्हणून ती व्यवस्था होती.

१९२५ पर्यंत विद्युत मुद्रण नव्हते. गायकाने पत्र्याच्या मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे, आणि त्या आवाजाच्या जोराने थरथरणाऱ्या सुईने मेणावर रेघ ओढायची, अशी ती रीत. हळुवार सूर निसटत. साथीची वाद्ये दूर गेली तर नाहीशी होत आणि जवळ आली तर गाणे झाकून टाकीत. आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जागा असे सुमारे तीन मिनिटांची. रंगभूमीवर बालगंधर्वांचे एखादे पद 'वन्स मोअर' घेत घेत किती लांबेल याचा नेम नसे. मागे थिरकवाँसाहेबांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी असे. ते सारे तीन मिनिटांत बसवायचे म्हणजे लय थोडी चढवावी लागे, पुनरावृत्ती गाळावी लागे, पदापूर्वीचा गद्य संवाद तर सर्वस्वी सोडून द्यावा लागे. रुक्मिणी हे पद कोणापुढे, कोणत्या प्रसंगी म्हणते आहे, हे तबकडीला ठाऊक नसते.

येथे आणखी एक बारीक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तुलना करणाऱ्याची ती हमखास फसगत करते. या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जातात. परंतु जुन्या काळी मुद्रणाचा वेग सर्वत्र सारखा नव्हता. ७४ फेऱ्यांनी मुद्रित केलेली तबकडी आज ७८ फेऱ्यांनी वाजवली, तर सूर जवळजवळ पेटीच्या शेजारच्या पट्टीवर चढतो आणि तीन मिनिटांच्या गाण्यातील नऊ सेकंद कमी होतात. अशी तबकडी ऐकून 'बालगंधर्व किती वरच्या पट्टीत, किती घाईने गात' असा निष्कर्ष काढणारा मनुष्य यंत्राचा दोष गायकाच्या पदरी बांधत असतो. नव्या यंत्रांनी जुन्या मुद्रणातील खरखर पुसून टाकली जाते, तेव्हाही खरखरीबरोबर आवाजाची धार किती गेली, हे विचारून घ्यावे लागते.

मराठी नाट्यपदाची दोन ध्वनिमुद्रणे पुढ्यात ठेवली तर त्यांचा न्याय करायला तिसरा कागद नाही. एका तबकडीला दुसरी तबकडी साक्षी, आणि दोन्हींना साक्षी केवळ ऐकणाऱ्यांची स्मृती. 'मानापमाना'ची पदे बालगंधर्वांच्या गळ्यातून एका रूपात आली आणि मास्टर दीनानाथांच्या गळ्यातून दुसऱ्याच रूपात. दीनानाथांनी त्याच शब्दांना आपल्या आक्रमक, झेप घेणाऱ्या गायकीचे पंख लावले. त्यांच्या वाटेची काही पदे पुढे त्यांच्या कन्या आशा भोसले यांनी मुद्रित केली. 'शूरा मी वंदिले' ऐकताना वडिलांच्या गाण्याची आठवण आणि मुलीचा स्वतंत्र गळा ही दोन्ही एकदम कानी येतात. यांतील खरे 'मानापमान' कोणते? हा प्रश्न बिझेच्या बाबतीत विचारता येतो. आमच्या पदांच्या बाबतीत तो विचारताच चुकतो. चाल देणारा एक होता, पण तिला रूप देणारे अनेक होते.

हे सर्वांत स्पष्टपणे उमजले ते कुमार गंधर्वांना. १९६० च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम केला आणि त्याची मोठी ध्वनिमुद्रिकाही निघाली. बालगंधर्वांच्या तबकड्या आणि ही मुद्रिका एकामागून एक ऐकावी. कुमारांनी आवाजाची नक्कल केलेली नाही. तबकडीत जी जागा एकदाच ओझरती येऊन जाते, तिच्यापाशी ते थांबतात आणि तिचा आतला विचार उलगडून दाखवतात. जणू तीन मिनिटांत घडी घालून ठेवलेले वस्त्र ते पुन्हा पसरतात. मात्र पसरलेले वस्त्र कुमारांच्या हातचे आहे. शीर्षकातील 'मला उमजलेले' हे दोन शब्द त्यांनी प्रामाणिकपणे आरंभीच लिहून ठेवले आहेत. ध्वनिमुद्रणांची तुलना करणाऱ्या प्रत्येकाने ते आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहावेत.

तबकडीने आणखी एक बदल केला, तो फारसा कोणाच्या ध्यानी आला नाही. १९३० नंतर बोलपट आले, नाटक मंडळ्या एकामागून एक मोडल्या, आणि पुढील पिढ्यांना बालगंधर्व तबकडीतून व आकाशवाणीवरूनच भेटले. आम्ही त्याच पिढ्यांतले. मराठवाड्यातील आमच्या लहानपणी नाट्यसंगीत म्हणजे रेडिओवरील तीन मिनिटे. हौशी गायकांनी पद शिकायचे ते तबकडी ऐकून. ज्या ठिकाणी जागा संपल्यामुळे बालगंधर्व थांबले, त्याच ठिकाणी थांबायचे, हाच पदाचा नियम होऊन बसला. लाखेच्या तबकडीची अडचण ही परंपरा झाली. पुढे १९६४ साली 'मत्स्यगंधे'पासून जितेंद्र अभिषेकींनी नाट्यपद जाणूनबुजून आटोपशीर बांधले. पण तो त्यांचा विचारपूर्वक केलेला निर्णय होता. यंत्राने केलेली काटछाट आणि रचनाकाराने केलेली निवड यांत भेद केला पाहिजे.

तबकडीने आमचे नुकसानच केले, असे मात्र कोणी समजू नये. तीन मिनिटांच्या शिस्तीने कित्येक पदांना हिऱ्यासारखी घडण दिली. आणि जेथे तबकडी नाही तेथे काय उरते, हेही पाहावे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमाना'चा संयुक्त प्रयोग झाला. भामिनी बालगंधर्वांची, धैर्यधर केशवराव भोसल्यांचा. मराठी रंगभूमीच्या इतिहासातील ही सर्वांत गाजलेली रात्र. तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर रोजी, केशवराव वारले. त्या रात्रीचा एक सूरही कोठे मुद्रित झालेला नाही. उरल्या त्या केवळ आठवणी, आणि आठवणी सांगणारेही आता गेले.

पुढच्या काळात एका माणसाने ही चूक ओळखली. 'ललितकलादर्श'चे भालचंद्र पेंढारकर यांनी मुंबई मराठी साहित्य संघात होणाऱ्या नाटकांची, प्रयोग चालू असताना, ध्वनिफितींवर मुद्रणे करून ठेवण्याचा ध्यास घेतला. अशा फितीत गद्य आहे, पदाला सुरुवात होण्याआधीची शांतता आहे, प्रेक्षकांची दाद आहे. तबकडीवर पद ऐकू येते. फितीवर नाटक ऐकू येते. तीच गोष्ट 'कट्यार काळजात घुसली'ची. २४ डिसेंबर १९६७ रोजी ते रंगभूमीवर आले. खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे उभे राहिले, आणि २०१५ साली त्याच नाटकावर चित्रपट निघाला तेव्हा वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे त्यात गायिले. आजोबा-नातवांची ही मुद्रणे ऐकताना कोण सरस, असा प्रश्न मनात येतो. तो बाजूला ठेवून कोणत्या मुद्रणात नाटकाचा किती भाग शिल्लक आहे, हे विचारावे. उत्तर अधिक उपयोगाचे निघते.

सर्वांचा इत्यर्थ एवढाच की ध्वनिमुद्रण हा पुरावा आहे, आणि प्रत्येक पुराव्याला तो कोणी, कोणत्या अडचणीत, किती वेळात दिला हे विचारायचे असते. बिझेच्या संगीताला कागदाचा आधार असल्याने तेथे हे न विचारले तरी निभते. आपल्या नाट्यपदांना तो आधार नसल्याने येथे न विचारून चालत नाही. आणि म्हणूनच आपल्या घरातील एखादी तबकडी फुटते तेव्हा केवळ एक वस्तू फुटत नाही. कदाचित एका पदाचा शेवटचा साक्षीदार जातो.

ती पेटी आम्ही ठेवून घेतली नाही. दोन रविवार मिस्सेनंतर तरुण मंडळींना जमवून, उसनवारीने आणलेल्या यंत्रावर, धड असलेल्या तबकड्या वाजवल्या. प्रत्येकीच्या वेष्टनावर नाटकाचे नाव, भूमिका, प्रयोगाचे वर्ष आणि पदापूर्वीचा प्रसंग लिहून चिकटवला, आणि पेटी त्या मुलांच्या हाती परत दिली. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संग्राहकांच्या संस्थेविषयीही त्यांना सांगितले. तबकड्या आडव्या रचून ठेवू नका, उभ्या ठेवा, ऊन लागू देऊ नका, एवढी सूचना केली. मुलांनी ती पेटी आता घरातल्या कपाटात ठेवली आहे.

'नाथ हा माझा' वाजत असताना धाकटा मुलगा एकाएकी म्हणाला, "बाबा येथे थांबत नसत." तबकडी थांबली होती. खोलीत कोणी काही बोलले नाही. तो पुढचा भाग गुणगुणण्याचा त्याने प्रयत्न केला. दोन स्वर बरोबर आले आणि मग वाट हरवली. गेली कित्येक वर्षे ओट्यावर ते गृहस्थ गात असताना आमच्या झग्याच्या खिशात आवाज टिपणारा मोबाईल होता. तो बाहेर काढण्याचे आम्हांला एकदाही सुचले नाही. ऐकणे म्हणजे जतन करणे, असे आम्ही समजत होतो. वाचकांपैकी कोणाच्या घरी तबकडीच्या पुढचे गाणे अजून कोणाच्या गळ्यात असेल, तर त्यांनी आमच्यासारखे करू नये, इतकेच सांगावयाचे आहे.